‘उभा क्षणभरी’ : प्रेक्षक नेहमी विचारतात ते प्रश्न

प्रयोग संपला की लोक विंगेत येतात. कुणी पाया पडायला वाकतं, कुणी भांडायला येतं, कुणी नुसतंच येऊन उभं राहतं. नंतर आठवडाभर फोन चालू असतात. त्यातले पुन्हापुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची मला देता येतील तेवढी उत्तरं इथे लिहून ठेवतोय. नाटक मी लिहिलंय आणि बसवलंयही मीच, त्यामुळे उत्तरांची जबाबदारी माझी.

नाटक नेमकं कशाबद्दल आहे?

गोष्ट एका रात्रीची आहे. २०१५ चा नाशिकचा सिंहस्थ, २८ ऑगस्टची रात्र. दुसऱ्या दिवशी पहिलं शाही स्नान, त्यामुळे पंचवटीतले रस्ते बॅरिकेड लावून बंद केलेले. सुलभा वडिलांच्या अस्थी घेऊन रामकुंडावर आली आणि बंदोबस्तात अडकली. आता सकाळपर्यंत कुठे जायचं? ती आपल्या कुळाच्या उपाध्यांच्या घरी थांबते. सोबत कांतामावशी आहेत. त्या निवृत्त नर्स, सुलभाच्या शेजारी राहतात आणि अण्णांची शेवटची दोन वर्षं त्यांनीच काढली. उपाध्यांच्या घरी वडील झोपलेत आणि मुलगा केदार जागा आहे. तो पुण्यात नोकरी करतो, पर्वणीसाठी चार दिवस आलाय.

सुलभाचे वडील, अण्णा, नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला होते. युनियनचे कार्यकर्ते. देवघर नाही, उपास नाही, सत्यनारायण नाही. नाशिकरोडहून रामकुंड जेमतेम दहा किलोमीटर, पण घरच्यांच्या आठवणीत अण्णा तिकडे एकदाही गेलेले नाहीत. स्वतःच्या आईच्या अस्थीही त्यांनी नदीत सोडल्या नाहीत, असं ते सगळ्यांना सांगायचे. शेवटी त्यांना विस्मरणाचा आजार झाला. मुलीचं नाव गेलं, बायको गेल्याचं गेलं, प्रेस गेली. हरिपाठ मात्र राहिला. ज्या माणसाच्या तोंडून घरात कुणी कधी अभंग ऐकला नव्हता, तो पहाटे चार वाजता उठून हरिपाठ म्हणायला लागला.

मग केदार नामावळीची वही उघडतो, तीर्थाला आलेल्या कुटुंबांची नावं लिहून ठेवलेली. गावाचं पान काढतो. त्या पानावर १९७१ सालची अण्णांची सही आहे.

इतकं सांगायला हरकत नाही, कारण हे पहिल्या अंकातच कळतं. सहीखाली आणखी एक ओळ आहे. तिच्याबद्दल पुढे विचारलंत तरी सांगणार नाही.

ही खरी गोष्ट आहे का?

सुलभा, अण्णा, केदार, कांतामावशी ही माणसं माझ्या कल्पनेतली आहेत. त्यामागे एक खरी गोष्ट आहे, ती सांगतो.

माझ्या आईला शेवटची तीन वर्षं मी ओळखू यायचो नाही. ती मला तिच्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारायची आणि मी ओ द्यायचो. आधी दुरुस्त करायचो, मग सोडून दिलं. ती गेल्यावर अस्थी घेऊन रामकुंडावर गेलो तेव्हा मनात श्रद्धा वगैरे फारशी नव्हती. मामांनी सांगितलं म्हणून गेलो. उपाध्यांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, आत गेले आणि बासनात बांधलेली वही घेऊन आले. पानं उलटत एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाले, “हे तुम्ही.”

ते आजोबांचं अक्षर होतं. आजोबा कधीतरी यात्रेला आले असताना त्यांनी घरातल्या सगळ्यांची नावं लिहून दिली होती, आणि शेवटी माझं. मी तेव्हा दीड वर्षाचा होतो. ज्या जागी मी आयुष्यात पाय ठेवला नव्हता, तिथे माझं नाव पंचेचाळीस वर्षं बसून होतं. घरात आई मला विसरली होती. इथे एका अनोळखी घराच्या कपाटात मला कुणीतरी जपून ठेवलं होतं.

त्या दिवशी मला देव भेटला असं मी म्हणणार नाही. पण माझ्या हातून जे निसटलं ते दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असू शकतं, हे मला कळलं. नाटक त्यातून आलं.

‘उभा क्षणभरी’ हे नाव का?

ज्ञानेश्वर माउलींच्या हरिपाठाची पहिलीच ओळ आहे : ‘देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी । तेणें मुक्ति चारी साधियेल्या ॥’ महाराष्ट्रात ही ओळ पाठ करावी लागत नाही, कानावर पडून पडून ती पाठ होते. अण्णांच्या डोक्यात सगळं पुसलं गेल्यावर उरली ती हीच. पुढच्या ओळी ते चुकवतात, गाळतात, मधेच थांबतात. पहिली ओळ चुकत नाही.

मी पहिला खर्डा लिहिला तेव्हा ओळ तेवढ्यापुरतीच होती, एका म्हाताऱ्याच्या ओठांवरची. दुसऱ्या खर्ड्याच्या वेळी काळाराम मंदिराच्या पूर्वेच्या दरवाजात उभा होतो आणि तिथे ती ओळ एकदम वेगळी ऐकू आली. याच मंदिराच्या दारांशी २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे खांद्यावर घेतला. दारं बंद होती आणि माणसं, बायाबापड्यांसकट, तुकड्या करून चारी दारांशी बसली. त्या रामनवमीला रथाच्या वेळी दगडफेक झाली. लढा सुमारे पाच वर्षं चालला आणि दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो हे माझ्या हाती नव्हतं, पण हिंदू म्हणून मरणार नाही.

देवाच्या दारात क्षणभर उभं राहिलं की चारी मुक्ती मिळतात असं ज्या मुलखात घरोघर म्हटलं जातं, त्याच मुलखात काही माणसं दारात पाच वर्षं उभी राहिली. नाटकात कांतामावशी हे एका वाक्यात म्हणतात. सुलभा वडिलांची आठवण म्हणून ती ओळ गुणगुणत असते. मावशी ऐकून घेतात आणि शांतपणे विचारतात, “क्षणभर? माझी आई सहा वर्षांची होती, आज्जीच्या कडेवर. अकरा वर्षांची झाली तरी तिथंच उभी होती.”

त्या वाक्यानंतर आम्ही सात सेकंद काहीही करत नाही. संगीत नाही, प्रकाश बदलत नाही. तालमीत ही सात सेकंद धरून ठेवणं सगळ्यांत अवघड गेलं.

कांतामावशीमुळे एका सुंदर भक्तीच्या नाटकात राजकारण आलं, असं वाटत नाही का?

हा प्रश्न नेहमी येतो. बहुतेक वेळा चांगल्या मनाने विचारलेला असतो, म्हणून नीट उत्तर देतो.

नाशिकमध्ये बसून श्रद्धेवर नाटक लिहायचं आणि काळारामाच्या दारात काय झालं ते सोडून द्यायचं, तर ते नाटक अर्ध्याच गावाचं होईल. नामावळीची वही म्हणजे आठवण. पण आठवण कुणाची लिहिली गेली? केदारच्या वहीत कांतामावशींच्या गावाचं पान आहे, त्यांच्या आडनावाचं नाही. केदार ते शोधत राहतो, आणि न सापडल्यावर त्याला शरम वाटते. तो म्हणतो, “मावशी, मी आज लिहितो की तुमचं नाव.” त्याचा हेतू खरा आहे.

मावशी नको म्हणतात. त्यांच्या घरी १९५६ नंतर बुद्धवंदना होते. दर पौर्णिमेला त्या पांडवलेण्याच्या, म्हणजे नाशिकच्या बौद्ध लेण्यांच्या, पायथ्याशी जातात. त्यांचा शोध तिकडे लागला आणि तो पुरा आहे, त्याला उपाध्यांच्या वहीतल्या ओळीची गरज नाही. त्या केदारला रागावत नाहीत. एवढंच सांगतात की नाव लिहून घ्यायची वेळ होती तेव्हा दार बंद होतं, आता आमची वही आम्ही वेगळी घातलीय.

पहिल्या खर्ड्यात मावशी शेवटी वहीत सही करायच्या. वाचनाला बसलेल्या एका ज्येष्ठ कलाकार बाईंनी, त्या स्वतः बौद्ध आहेत, संहिता मिटून मला विचारलं, “हिला तुझ्या समाधानासाठी सही करायला लावतोस का?” मी घरी जाऊन तो प्रवेश फाडला. नाटकातला मला सगळ्यांत खरा वाटणारा प्रवेश त्या प्रश्नामुळे लिहिला गेला. मावशींची भूमिका आज त्याच करतात.

नाटक श्रद्धेच्या बाजूचं आहे की विरोधातलं?

माळकरी मंडळी बघून गेली आहेत, अंधश्रद्धेविरुद्ध काम करणारेही बघून गेलेत. दोघांनीही काही ठिकाणी टाळ्या दिल्या आणि काही ठिकाणी हाताची घडी घातली.

अण्णा नास्तिक होते का? १९७१ ला त्यांनी वहीत सही केली म्हणजे ते लपून आस्तिक होते का? सुलभाला रात्रभर हाच प्रश्न खातो. वडील आपल्याशी खोटं बोलले याचा तिला राग येतो. मला स्वतःला असं वाटतं की माणसाच्या आत दोन्ही एकत्र नांदतात आणि त्यात लबाडी नसते. आईसाठी नदीवर जाणारा आणि परत येऊन युनियनच्या सभेत देवाला नाकारणारा माणूस एकच असू शकतो. यावर माझ्याशी भांडायचं असेल तर जरूर भांडा. ते भांडण मला हवंच आहे.

नामावळीच्या वह्या खरंच असतात? आमचं पान सापडेल का?

असतात. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर इथल्या तीर्थोपाध्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या वह्या आहेत. यात्रेला, श्राद्धाला, अस्थिविसर्जनाला आलेल्या कुटुंबाची नावं त्यात लिहिली जातात. कोण आलं, कुणाचा मुलगा, भाऊ किती, मुलं कोण, कशासाठी आले, आणि खाली सही. पुढच्या पिढीतलं कुणी आलं की आधीची नावं वाचून दाखवायची आणि नवीन जन्म, लग्नं, मृत्यू त्यात घालायचे. जुन्या नोंदी मोडी लिपीत आहेत. नाटकातला केदार वहीचा वारस आहे, पण त्याला मोडी वाचता येत नाही. ज्याच्या ताब्यात सगळ्यांच्या आठवणी आहेत त्यालाच त्या वाचता येत नाहीत, हे दुःख मी प्रत्यक्ष पाहिलेलं आहे.

शोधायचं असेल तर मूळ गाव माहीत असावं लागतं. आज राहता ते नव्हे. पणजोबा ज्या गावचे होते ते, तालुक्यासकट. रामकुंडावर गेलात की तेच पहिलं विचारतात : गाव कोणतं, आडनाव काय. कोणत्या गावाचे उपाध्ये कोण हे तिथे एकमेकांना ठाऊक असतं, ते तुम्हाला बरोबर घरी धाडतात. आडनाव बदललेलं असेल तर जुनं आडनाव घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आत्ताच विचारून ठेवा. गर्दीच्या दिवशी जाऊ नका. वहीवर खाऊचे हात लावू नका. फोटो काढण्याआधी विचारा. आणि पान उघडलं तर स्वतःचं नाव शोधायच्या आधी वरपासून वाचा.

पान नाही सापडलं तर? बऱ्याच जणांचं सापडत नाही. कुणाचे पूर्वज कधी आलेच नाहीत, कुणाला येऊ दिलं नाही, कुणाचं पान भिजलं, फाटलं. पुरात गेलेल्या वह्यांबद्दल जुनी माणसं बोलतात.

निवृत्तिनाथांची गोष्ट मधेच का येते?

ती मधेच येत नाही. माझ्या दृष्टीने ती मधोमध येते.

विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई मुलांना घेऊन ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करत होते, वाटेत वाघ आडवा आला, सगळे पांगले आणि थोरला निवृत्ती हरवला. भटकत तो एका गुहेत शिरला आणि तिथे त्याला गहिनीनाथ भेटले. गहिनीनाथांनी निवृत्तीला उपदेश केला, निवृत्तीने धाकट्या भावाला, आणि तो धाकटा भाऊ ज्ञानेश्वर. वारकरी घरात ही गोष्ट गुरुकृपेची म्हणून सांगतात. मला लहानपणापासून त्यात आणखी एक माणूस दिसतो, तो म्हणजे बाहेर अंधारात मुलाला हाका मारणारी आई.

दुसऱ्या अंकात अण्णा एका रात्री घराबाहेर निघून जातात. विस्मरणाच्या रुग्णांच्या घरी हे होतं, ज्यांनी अनुभवलंय त्यांना वेगळं सांगायला नको. सुलभा हाका मारत गल्ली धुंडाळते, आणि त्याच वेळी मागे कोरस निवृत्ती हरवल्याची गोष्ट कीर्तनाच्या चालीत सांगतो. वडील सापडतात तेव्हा ते एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलेले असतात आणि चेहऱ्यावर भीती नसते. तिने त्यांना तितकं शांत कधी पाहिलेलं नसतं. हरवलेल्याला तिथे काय मिळालं हे शोधणाऱ्याला कधी कळत नाही. त्या प्रवेशात मला एवढंच हवं होतं.

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरते. त्या थंडीत दिंड्यांबरोबर दोन मुक्काम केले आणि कोरसच्या चाली तिथेच जमल्या. पखवाज आम्ही प्रत्यक्ष वाजवतो, रेकॉर्डिंग वापरत नाही.

अण्णा सतत कागद का मोजतात?

नोटांच्या प्रेसमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाच्या बोटांत मोजणी राहते. तिथे कागदाचं एकेक पान हिशेबात असतं. अण्णांचं डोकं रिकामं होत गेलं तरी बोटं मोजतच राहिली : वर्तमानपत्राची पानं, रुमालाच्या घड्या, पत्रावळी. अण्णांची भूमिका करणारे आमचे नट यासाठी नाशिकरोडच्या एका निवृत्त कामगाराकडे महिनाभर जात होते. गठ्ठा डाव्या हातात कसा धरायचा, पंखा कसा करायचा, अंगठा कधी ओला करायचा, मोजताना ओठ हलवायचे नाहीत, हे सगळं शिकून आले.

सुलभा रागाने त्यांच्या हातातला गठ्ठा हिसकावते, पानं रंगमंचभर उडतात. अण्णा खाली बसून पुन्हा पहिल्यापासून मोजू लागतात, एक, दोन, तीन, आणि सातव्या पानानंतर आकड्यांच्या जागी हरिपाठ सुरू होतो. हे मी लिहिलं नव्हतं, तालमीत घडलं. नटाने सांगितलं की हात चालत होते, आकडा सुचेना, जे तोंडात आलं ते बोललो.

या आजारात अलीकडचं आधी जातं आणि लहानपणीचं, विशेषतः चालीत बसलेलं, बऱ्याच जणांत उशिरापर्यंत टिकतं. अण्णांच्या आईने जात्यावर बसून म्हटलेलं त्यांच्यात शेवटपर्यंत राहिलं, त्यात चमत्कार काही नाही. पण ज्याच्या घरात ते घडतं त्याच्या अंगावर काटा येतोच.

आमच्या घरी असाच रुग्ण आहे. नाटक बघावं का?

या प्रश्नाला मी थांबून उत्तर देतो. दुसऱ्या अंकाची पहिली पंधरा मिनिटं जड जातात. सुलभा वडिलांवर ओरडते, एकदा हात उगारते. सांभाळणारी माणसं थकून अशी वागतात आणि मग रात्रभर रडतात, म्हणून ते नाटकात ठेवलंय. तुम्ही सध्या त्यातूनच जात असाल तर एकटे येऊ नका. कडेची खुर्ची घ्या, म्हणजे उठून जाता येईल. उठलात तर आम्हाला वाईट वाटणार नाही.

काही जण रुग्णाला सोबत आणतात. अंधार आणि गर्दीने त्यांना घाबरायला होतं, तेव्हा शक्यतो टाळा. एका आजोबांनी मात्र दुसऱ्या रांगेत बसून अण्णांबरोबर अख्खा अभंग म्हटला होता, खणखणीत आवाजात. आमचे अण्णा त्यांच्यासाठी थांबले आणि मगच पुढे गेले.

रंगमंचावर खऱ्या अस्थी, खरी पूजा असते का?

नाही. कलशात धुतलेली वाळू असते. मंत्र म्हणण्याऐवजी आम्ही फक्त पाण्याचा आवाज ठेवलाय. प्रयोगाआधीची नटराजाची पूजा आणि नारळ तेवढा खरा.

घंटेचा तो आवाज कुठला?

नारोशंकराच्या घंटेवरून सुचलेला. गोदाकाठच्या त्या मोठ्या घंटेवरून मराठीत म्हणच पडलीय, ‘नारोशंकराची घंटा’. आम्ही देवळात जाऊन रेकॉर्डिंग केलेलं नाही. भांडीबाजारातून आणलेली पितळी परात, पाण्याची बादली आणि एक लाकडी हातोडी. परात वाजवून लगेच पाण्यात बुडवली की नाद खाली वाकतो. आमचा सतरा वर्षांचा ध्वनिसंयोजक हे विंगेत बसून प्रत्येक प्रयोगाला करतो आणि घरी जाताना ओलाचिंब असतो.

नाशिकबाहेरच्या माणसाला कळेल का?

कळेल. एकच गोष्ट सांगून ठेवतो. अण्णा एका प्रवेशात विचारतात, “पाणी मारुतीच्या कुठवर आलं?” हा दुतोंड्या मारुती, गोदापात्रातला. पूर आला की पाणी त्याच्या कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याशी आलं, असं नाशिककर मोजतात. अण्णा बरेचदा आपल्या आजाराबद्दल असंच विचारतात. बाहेरगावी प्रयोग असला की तिथे थोडं हसू येतं, नाशिकला येत नाही.

किती वेळ? मुलांना आणता येईल?

दोन अंक, मध्यंतर धरून सव्वादोन तास. बारा वर्षांपुढच्या मुलांना आणा, त्याहून लहान मुलं कंटाळतात. तिसऱ्या घंटेनंतर पहिली आठ मिनिटं आत सोडत नाही, कारण सुरुवात पूर्ण अंधारात होते.

नाशिकमध्ये असं गंभीर नाटक चालतं का?

कुसुमाग्रज इथे राहिले, ‘नटसम्राट’ लिहिणारे. वसंत कानेटकरही इथेच राहिले. सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं आहे आणि त्याचं स्वतःचं नाट्यगृह आहे. राज्य नाट्य स्पर्धेच्या नाशिक केंद्रावर ऑफिस सुटल्यावर डबा घेऊन नाटक बघायला येणारी माणसं मी लहानपणापासून पाहतोय. या गावाच्या प्रेक्षकाला गंभीर नाटक झेपत नाही हे मला कुणी सांगू नये. गर्दी कमी असते, हे खरं. पहिल्या प्रयोगाला एकसष्ट माणसं होती. त्यातली काही तीनतीनदा आली आहेत.

येत्या सिंहस्थाच्या निमित्ताने प्रयोग वाढवताय का, असंही विचारतात. त्या निमित्ताने नाही. जमतील तसे करू.

आम्हाला हे नाटक करता येईल का?

हो. कॉलेजं, गावातली मंडळं, कुणीही. लेखी परवानगी घ्या, मानधन तुमच्या ऐपतीप्रमाणे ठरवू. जाहीर प्रयोगाला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, त्या संहितेची प्रत आम्ही देतो. त्यात परस्पर बदल करू नका. नेपथ्य स्वस्त आहे : दोन लेव्हल, एक चौकट, एक कपाट. चौकट मात्र हवीच, आणि ती दोन्ही अंकांत उघडी राहिली पाहिजे. कांतामावशींचा प्रवेश गाळून प्रयोग करायची परवानगी मी देत नाही. दोन ठिकाणांहून तशी विनंती आली होती.

सहीखाली शेवटी काय लिहिलेलं असतं?

सुलभा ते वाचते आणि वही मिटते. प्रेक्षकांना ती मोठ्याने वाचून दाखवत नाही. पण ओळ आहे, दर प्रयोगाला खरोखर लिहिलेली असते, आणि ती फक्त ती भूमिका करणारी नटी आणि मी जाणतो. तिने काय वाचलं ते तिच्या चेहऱ्यावरून ज्याने त्याने ओळखावं. आत्तापर्यंत ऐकलेल्या अंदाजांत दोन मला मूळ ओळीपेक्षा चांगले वाटले.

प्रयोगानंतर बाहेर टेबलावर वही ठेवलेली असते, ती कशासाठी?

ती नाटकातलीच वही आहे. दीड हात लांब, वीतभर रुंद, हातकागदाची. पानांना चहाचं पाणी देऊन उन्हात वाळवलं, वर लाल खारव्याची बांधणी. सुरुवातीला नोंदीचं ते एक पान सोडलं तर आत काही नव्हतं. प्रेक्षकांना कुठे दिसणार?

चौथ्या प्रयोगानंतर एक आजीबाई काठी टेकत रंगमंचावर चढल्या. मला वाटलं कौतुक करायला आल्या. त्या सरळ कपाटाशी गेल्या, वही काढली, एकेक पान उलटलं, पार शेवटपर्यंत. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “एवढी नावं घेतलीत आणि आत काहीच नाही?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी पेन मागितलं. चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पहिल्या कोऱ्या पानावर तीन नावं लिहिली. तिसऱ्या नावापुढे वय लिहिलं, ४ महिने. पेन परत दिलं आणि गेल्या.

तेव्हापासून वही बाहेर ठेवतो. गेलेल्या माणसाचं नाव लिहा, जिवंत माणसाचं नको. जात, गाव, आडनाव काहीही विचारलं जात नाही, नुसतं “माई” लिहिलेलंही चालतं. उर्दूत लिहिलेली नावं आहेत, एका पानावर कुत्र्याचं नाव आहे. कांतामावशी करणाऱ्या बाईंनी अजून काही लिहिलेलं नाही आणि त्यांना कुणी तसं सांगायचंही नाही. पानांचे फोटो आम्ही कुठेही टाकत नाही, तुम्हीही टाकू नका. पुढच्या प्रयोगात केदार जी नावं वाचतो ती आता याच वहीतली असतात. त्यामुळे तुम्ही लिहिलेलं नाव कधीतरी दुसऱ्या गावच्या नाट्यगृहात मोठ्याने वाचलं जाईल. ते नको असेल तर नावापुढे फुली करा.

पानं संपली तर?

एकदा संपली. रविवार कारंज्याजवळच्या बाइंडरकडे गेलो आणि तशीच दुसरी वही बांधून मागितली. त्यांनी जुनी हातात घेतली, थोडी चाळली, आणि विचारलं, पानं किती घालू? मी म्हटलं, आधीच्याएवढीच. त्यांनी दुप्पट घातली, पैसे आधीच्या वहीएवढेच घेतले, आणि नवी वही बांधून झाल्यावर दुकानातच उभ्याउभ्या तिच्यात पहिलं नाव लिहिलं.